औषधाची रिकामी बाटली : घरातून बाहेर काढण्याची सोय

शेतकरी ज्याला ‘औषध’ म्हणतो, ते पिकावरील किडीच्या दृष्टीने औषध असले, तरी माणसाच्या दृष्टीने विषच होय. फवारणी संपली म्हणजे पंप धुऊन ठेवला जातो; पण रिकाम्या बाटलीचा प्रश्न तसाच राहतो. ती वळचणीला खोचली जाते किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडते. कालांतराने कोणीतरी तीत रॉकेल भरतो, कोणी शेतावर पिण्याचे पाणी नेतो. घट्ट झाकणाची मजबूत बाटली टाकून देणे काटकसरी संसाराला पटत नाही. रिकामी दिसणारी ही बाटली खरोखर रिकामी नसते. तिच्या आतल्या अंगाला, तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत औषधाचा अंश चिकटून राहिलेला असतो.

या अंशाची किंमत किती भयंकर असू शकते, हे १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसून आले. तेथील एका गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण घेतलेली २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे न्यायवैद्यक तपासणीत आढळले. पूर्वी कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात ते तेल साठविले गेले असावे, असे तपास करणाऱ्यांचे त्या वेळी म्हणणे होते. डबा वापरणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असावाच लागतो असे नाही. डबा हाताशी असणे एवढेही पुरेसे होते.

दोष केवळ अज्ञानाचा नव्हे

बाटली घरात ठेवू नये, हे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असते. अडचण पुढची आहे. ठेवू नये, तर द्यावी कोठे? जाळली, तर विषारी धूर आसपासच्या माणसाजनावरांच्या छातीत जातो. ओढ्यात टाकली, तर पाणी दूषित होते. भंगारात विकली, तर ते प्लास्टिक पुढे कोणत्या वस्तूत जाईल याचा नेम नाही. कीटकनाशक नियम, १९७१ यांत वापरलेली वेष्टने उघड्यावर राहू देऊ नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे सांगितले होते. परंतु प्लास्टिक मातीत कुजत नाही आणि त्यावरील अंश पाण्याबरोबर विहिरीकडे जाण्याची भीती राहते. म्हणून बाटल्या गोळा करून त्यांची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणे हाच मार्ग आता इष्ट मानला जातो. पुरणे म्हणजे दृष्टीआड सृष्टी, एवढेच.

महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे उभी राहिली, ती मुख्यतः कारखान्यांच्या कचऱ्यासाठी. चार बाटल्या घेऊन तेथवर कोणताही शेतकरी जाणार नाही, आणि त्याने जावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. गोठ्यापासून त्या केंद्रापर्यंतची वाट लहान लहान टप्प्यांनी जोडली पाहिजे. त्यांतील पहिला टप्पा शेतकऱ्याच्या रोजच्या वाटेवरच असला पाहिजे.

ब्राझीलने काय केले

सोयाबीन व कापूस ही पिके मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्या ब्राझील देशापुढे हाच प्रश्न होता. तेथे २००० साली कायदा करून प्रत्येकाचे काम वाटून देण्यात आले. शेतकऱ्याने बाटली तीनदा धुवावी, तळाला भोक पाडावे आणि खरेदीपासून वर्षाच्या आत परत करावी. विक्रेत्याने बाटली परत करण्याचे ठिकाण बिलावरच लिहून द्यावे. उत्पादक कंपन्यांनी जमा माल उचलून त्याचा पुनर्वापर करावा किंवा तो भट्टीत नष्ट करावा. याकामी कंपन्यांनी २००१ साली एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. पुढे देशभर सुमारे ४०० जमा केंद्रे उभी राहिली. दूरच्या लहान शेतकऱ्यांसाठी ठरलेल्या दिवशी फिरती जमा केंद्रे त्यांच्या गावांजवळ येऊ लागली. परिणामी, औषधाशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या प्लास्टिक वेष्टनांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक परत येऊ लागली. कायद्याचा धाक होता खराच. परंतु परत करण्याची जागा जवळ आणि आधीच ठाऊक होती, हे या यशाचे मोठे कारण होय.

तीनदा धुण्याची रीत

१. बाटली रिकामी होताच, अंश वाळण्यापूर्वी धुवावी. हातात रबरी मोजे असावेत.
२. बाटलीचा पाव भाग स्वच्छ पाण्याने भरून झाकण घट्ट लावावे व सुमारे अर्धा मिनिट जोराने हलवावी.
३. ते पाणी फवारणी पंपातच ओतावे. जमिनीवर किंवा ओढ्यात कदापि ओतू नये. असे तीन वेळा करावे.
४. शेवटी तळाला भोक पाडावे, म्हणजे बाटली पुन्हा कोणाच्या उपयोगी पडणार नाही. त्यावरील चिठ्ठी मात्र फाडू नये.

भुकटीच्या पिशव्या धुता येत नाहीत. त्या पूर्ण झटकून पंपात रिकाम्या कराव्यात व वेगळ्या पोत्यात ठेवाव्यात. धुण्याचे पाणी पंपात गेल्याने पैसे देऊन घेतलेले औषध शेवटच्या थेंबापर्यंत पिकाला मिळते, हा लाभही लहान नाही. उरलेले औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. मुळात लागेल तेवढेच विकत घ्यावे, हे सर्वांत उत्तम.

गावपातळीवर करावयाची व्यवस्था

कार्यकर्त्याने प्रथम पुढची वाट निश्चित करावी. गोळा झालेला माल तालुक्यापर्यंत कोण नेणार आणि तेथून अधिकृत केंद्राकडे कोण पाठविणार, हे ठरल्यावाचून गावाला हाक देऊ नये. अन्यथा घरोघरी विखुरलेले विष ग्रामपंचायतीच्या आवारात एकत्र साचेल. तसे झाल्यास पुढच्या वर्षी कोणी बाटली आणून देणार नाही.

हे ठरल्यावर जागा व दिवस नेमावा. जेथून औषध घेतले, ते कृषी सेवा केंद्र ही सर्वांत सोयीची जागा. ते दूर असेल तर आठवडे बाजाराचा दिवस योग्य. बाजाराला शेतकरी येतोच, त्याला वेगळी खेप पडत नाही. फवारणीच्या हंगामात महिन्यातून एक दिवस पक्का ठेवावा आणि तो मोडू नये. जमा माल कुलूपबंद, छप्पर असलेल्या व वस्तीपासून दूर असलेल्या खोलीत ठेवावा. किती बाटल्या आल्या, धुतलेल्या किती, याची वहीत नोंद व्हावी. गोळा करण्याचे काम मुलांना कधीही सांगू नये.

घरात अशा आणखीही वस्तू असतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत कीटकनाशकांच्या डब्यांबरोबर रंगाचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया व सिरिंजा यांचीही गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. शहरांत दर २० चौरस किलोमीटरला, किंवा त्याहून कमी क्षेत्रालाही, एक जमा केंद्र असावे, असे त्यांत म्हटले होते. खेड्यात बाटलीसाठी नेमलेल्या दिवशीच या वस्तूही निरनिराळ्या पेट्यांत घेता येतील. सुया मात्र जाड, न टोचणाऱ्या डब्यातच आणाव्यात.

उपदेशाने मनुष्य एकदा वागतो, सोय झाली म्हणजे नेहमी वागतो. विषाची बाटली घराबाहेर काढणे हे तेल आणण्याइतके सोपे झाले, म्हणजे ती तेलाच्या जागी कधीच येणार नाही.