गणिताचं डोकं आणि स्वभावाचे साचे

दहावीचा निकाल लागला की शाखा निवडण्याच्या धांदलीत कलचाचण्यांचा हंगाम सुरू होतो. मुलगा अबोल, एकलकोंडा, वह्या नीटनेटक्या ठेवणारा असला की तो ‘गणिताच्या डोक्याचा’ ठरतो. मुलगी बडबडी, चित्रं काढणारी, गोष्टी रंगवून सांगणारी असली की ‘तिचा तो पिंडच नाही’ असा निवाडा होतो. पूर्वी हा निवाडा घरातली वडीलधारी माणसं तोंडी द्यायची. आता तो रंगीत आलेखांसह छापून मिळतो, एवढाच फरक. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: माणसांचे काही ठरावीक प्रकार असतात आणि गणिताशी जमणार की नाही हे त्या प्रकारातच ठरून गेलेलं असतं. उपलब्ध पुरावा पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. स्वभावावरून माणूस गणित कसं करील याचा थोडाफार अंदाज येतो. करू शकेल की नाही, याचा जवळजवळ येत नाही.

आधी त्या साच्यांकडेच पाहू. सर्वांत लोकप्रिय साचा आहे मायर्स-ब्रिग्ज चाचणीचा. कार्ल युंग यांनी 1921 साली मांडलेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. इसाबेलबाई त्याआधी रहस्यकथा लिहीत असत. तेवढ्यानं चाचणी खोटी ठरत नाही, पण तिची खरी अडचण गणितीच आहे. ती माणसांना अंतर्मुख किंवा बहिर्मुख, विचारप्रधान किंवा भावनाप्रधान अशा चार जोड्यांत विभागते आणि त्यांतून सोळा प्रकार काढते. असे प्रकार खरोखर असते, तर हजारो लोकांचे गुण मांडल्यावर आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसले असते. प्रत्यक्षात उंचवटा एकच दिसतो, तोही मधोमध. म्हणजे बहुतेक माणसं दोन्ही टोकांपासून लांब, मध्यरेषेच्या आसपास असतात, आणि चाचणी त्यांना रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलून वेगवेगळी नावं देते. त्यामुळे चार-पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलतो. महिन्याभरात बदलणाऱ्या गोष्टीवर अकरावीची शाखा ठरवायची का, हा प्रश्न विचारायला मानसशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. साचे कच्चे असले तरी स्वभाव खरा असतोच ना? असतोच. त्यासाठी संशोधक आज पाच मोजपट्ट्या वापरतात: नव्याची ओढ, काटेकोर चिकाटी, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्थिरता. या पट्ट्यांवर माणूस अमुक प्रकारचा ठरत नाही, कमी-जास्त ठरतो. शालेय आणि महाविद्यालयीन गुणांशी या पट्ट्यांचा संबंध अनेक अभ्यासांतून तपासला गेला आहे. त्यांत ठळक ठरते ती चिकाटी, आणि तिचाही गुणांशी सहसंबंध 0.2 च्या आसपास आहे. या आकड्याचा वर्ग केला की मुलामुलांच्या गुणांमधल्या फरकापैकी चिकाटीशी जोडता येणारा हिस्सा हाती येतो: जेमतेम 4 ते 5 टक्के. ‘गणिताचं डोकं’ म्हटलं की जो अबोलपणा आपल्याला आधी आठवतो, त्या अंतर्मुखतेचा गुणांशी संबंध जवळपास शून्य आहे. हे आकडे एकंदर अभ्यासाचे आहेत, फक्त गणिताचे नव्हेत. पण ज्याच्या जोरावर मुलाला गणितापासून दूर ठेवावं असं काहीही त्यांत सापडत नाही.

दुसरा साचा मेंदूच्या दोन भागांचा. डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. ज्याचा डावा वरचढ तो गणिती. या समजुतीचा उगम खऱ्या विज्ञानात आहे, म्हणून ती अधिक चिवट. दोन अर्धगोलांमधला दुवा शस्त्रक्रियेनं तोडलेल्या अपस्माराच्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी केलेल्या कामाला 1981 साली नोबेल मिळालं, आणि भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे त्यातून दिसलं. पण काम एका बाजूला चालणं वेगळं आणि माणूसच एका बाजूचा असणं वेगळं. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात 1,011 जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या गेल्या, तेव्हा कोणाचीही सबंध डावी किंवा सबंध उजवी बाजू वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. संख्या हाताळताना तर मेंदूच्या दोन्ही बाजूंचे वरचे-मागचे भाग एकत्र काम करतात.

‘भाषेचा माणूस’ आणि ‘गणिताचा माणूस’ ही फाळणीही याच मुशीतली. तिच्या बाजूनं एक चांगला पुरावा दिला जातो. फ्रान्समध्ये मारी आमालरिक आणि स्तानिस्लास देहेन यांनी 15 व्यावसायिक गणिती आणि तितकेच शिकलेले 15 बिगरगणिती यांची तुलना केली. गणिती लोक अवघड गणिती विधानांचा विचार करताना मेंदूतलं जे जाळं कामाला लागलं, ते भाषेच्या जाळ्यापासून वेगळं होतं. मग माणसं वेगळी नाहीत कशी? उत्तर त्याच अभ्यासात आहे: हे जाळं साध्या संख्या ओळखताना बिगरगणिती माणसांतही जागं होतं. यंत्रणा सर्वांकडे आहे, गणितींनी ती वर्षानुवर्षं वेगळ्या कामाला लावली आहे. आनुवंशिकतेची साक्षही फाळणीच्या विरुद्ध जाते. ब्रिटनमधल्या बारा वर्षांच्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात वाचनावर प्रभाव टाकणाऱ्या जनुकांपैकी सुमारे निम्मी गणितावरही प्रभाव टाकताना दिसली. भाषा चांगली म्हणून गणित कच्चं, असा हिशेब निसर्गानं मांडलेला नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ पद्यात रचली, तेव्हा त्यांनाही या दोन गोष्टींत वैर दिसलं नसावं.

स्वभावाचा गणितावर खरा ठसा पाहायचा असेल तर गणितींकडेच वळावं लागतं. आँरी पॉइन्कारे यांनी 1905 च्या आपल्या पुस्तकात गणितींच्या दोन वृत्ती सांगितल्या: पाऊल पाऊल तर्कानं पुढे जाणारे आणि आधी चित्र पाहून मग सिद्धता शोधणारे. पहिल्यांचं उदाहरण वायरश्ट्रास, दुसऱ्यांचं रीमान. पॉइन्कारे यांना हा फरक जन्मजात वाटत होता, आणि तसा तो असेलही. पण दोघं पोचले ते एकाच विषयाच्या शिखरावर. आणखी टोकाचं उदाहरण हवं तर पॉल एर्डिश घ्या. घर नाही, संसार नाही, एका बॅगेनिशी या गणितीच्या घरून त्या गणितीच्या घरी, आणि पाचशेहून अधिक सहलेखकांबरोबर सुमारे दीड हजार निबंध. समोर अँड्र्यू वाइल्स. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर त्यांनी सुमारे सात वर्षं जवळजवळ गुप्तपणे, एकट्यानं काम केलं. पण 1993 साली जाहीर केलेल्या सिद्धतेत त्रुटी निघाली तेव्हा ती दुरुस्त करायला रिचर्ड टेलर सोबतीला लागलेच. मरियम मिर्झाखानी यांना लहानपणी लेखिका व्हायचं होतं. तेहरानच्या शाळेत एक वर्ष त्यांचं गणित यथातथाच होतं आणि विषयातला रसही उडाला होता. पुढे त्या जमिनीवर मोठे कागद पसरून, आकृत्या पुन्हा पुन्हा काढत, संथपणे विचार करत आणि स्वतःला संथच म्हणवत. 2014 साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. कुठल्याही कलचाचणीनं या सगळ्यांना एका रकान्यात बसवलं नसतं.

त्यासाठी परदेशीही जायला नको. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिळकांनी गणित शिकवलं आणि गोखल्यांनीही. गोखल्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक बराच काळ वापरात होतं. एक झुंजार आणि प्रखर, दुसरा मवाळ आणि हळवा. महाराष्ट्रानं स्वभावाची दोन टोकं म्हणून ज्यांची नावं शंभर वर्षं घेतली, ते दोघंही गणिताचे मास्तर होते. त्याच परंपरेतल्या फर्ग्युसन कॉलेजचे रँग्लर परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि पुढे प्राचार्यपद, मंत्रिपद, मुत्सद्देगिरी असा आयुष्यभर माणसांत रमले. आणि देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर पदव्युत्तर पदवीशिवाय, विद्यापीठांच्या वर्तुळाबाहेर, निव्वळ संख्यांच्या गमतीपायी 6174 पर्यंत पोचले. कोणतेही चार अंक घ्या, फक्त ते सगळे सारखे नकोत; उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. त्यांच्या हयातीत अनेक गणितज्ञांनी या कामाकडे करमणूक म्हणून पाहिलं, हेही गणिताच्या एकाच ‘खऱ्या’ स्वभावावर विश्वास असल्याचं लक्षण.

निवडक नावं काढून काहीही सिद्ध करता येतं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, म्हणून विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम आकडा पाहू. सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटानं 2001 साली स्वमग्नतेशी जोडलेल्या गुणांची 50 प्रश्नांची प्रश्नावली वेगवेगळ्या गटांना दिली. सर्वसाधारण लोकांची सरासरी सुमारे 16 आली, ब्रिटनच्या गणित ऑलिंपियाडमधल्या विजेत्यांची 24 च्या वर. फरक खरा आहे, तो झटकून टाकू नये. पण हे मूठभर विजेते आहेत, वर्गातल्या साठ मुलांचे प्रतिनिधी नव्हेत. आणि शिखरावरच्या गटाची सरासरी थोडी सरकलेली असणं याचा अर्थ ज्यांचे गुण तसे नाहीत त्यांना रस्ता बंद, असा होत नाही. उंच मुलं बास्केटबॉलच्या संघात जास्त दिसतात म्हणून बुटक्या मुलाला मैदानात उतरू देऊ नये, असं कोणी म्हणत नाही.

ज्याला आपण ‘पिंड नसणं’ म्हणतो त्यात बराच वाटा प्रत्यक्षात भीतीचा असतो. गणिताची धास्ती ही सर्वसाधारण घाबरटपणापेक्षा वेगळी असते आणि 1972 पासून ती स्वतंत्रपणे मोजली जाते. 2012 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांपैकी 59 टक्के म्हणाले की गणिताचा तास अवघड जाईल अशी काळजी त्यांना वारंवार वाटते. ही धास्ती नेमकी कुठे मारते तेही आता ठाऊक आहे: हातचे, मधली उत्तरं डोक्यात धरून ठेवणारी जी तात्पुरती स्मृती असते, तीच काळजीनं व्यापली जाते. येतं ते गणितही मग चुकतं, आणि चुकलं की धास्ती वाढते. ज्याला गणित येत नाही तोच घाबरतो, हा समज मात्र टिकत नाही. ब्रिटनमधल्या 1,757 मुलांच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र धास्ती असलेल्यांपैकी 77 टक्के मुलांचं गणित सर्वसाधारण किंवा त्याहून चांगलं होतं. कलचाचणीत ‘गणित आवडतं का?’ याला ही मुलं ‘नाही’ म्हणणार, आणि अहवाल त्यांना ‘तुमचा तो पिंडच नाही’ असं सांगून मोकळा होणार.

मुलींबाबत हे चक्र आणखी स्पष्ट दिसतं. अमेरिकेतल्या दहा राज्यांच्या 70 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गुणांत मुलगे-मुलींमध्ये सरासरी फरक नगण्य निघाला. तरी शिकागोच्या संशोधकांना आढळलं की पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींना वर्षअखेरीस ‘गणित मुलग्यांचं’ असं जास्त वाटू लागलं, आणि तसं वाटणाऱ्या मुलींचेच गुण घसरले. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आता बाजारात आहे: मनात आणलं की कोणीही काहीही करू शकतो. तोही पुराव्यात बसत नाही. गणिती क्षमतेतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा लक्षणीय आहे. काही टक्के मुलांना संख्यांचं आकलनच मुळात जड जातं. त्यांना वेगळी मदत लागते, उपदेश नव्हे. ‘बुद्धी वाढते’ असं शिकवणाऱ्या उपक्रमाची अमेरिकेत सुमारे 12,000 मुलांवर नीट चाचणी झाली, तेव्हा मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले खरे, पण चार गुणांच्या मोजपट्टीवर एकदशांशाच्या आसपास. मुलामुलांत फरक असतात आणि काही टिकतातही. फक्त ते सोळा रकान्यांत किंवा मेंदूच्या दोन कप्प्यांत मांडलेले नसतात.

मग मुलाचं गणित कुठे अडलंय हे शोधायचं कसं? अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांचा पाठपुरावा करून रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं की दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार कितपत समजले होते, त्यावरून माध्यमिक शाळेतल्या बीजगणिताचा आणि एकंदर गणिताचा अंदाज येतो. बुद्ध्यंक, तात्पुरती स्मृती आणि घरचं उत्पन्न हिशेबात धरल्यावरही. अकरावीच्या उंबरठ्यावरच्या मुलाला व्यक्तिमत्त्वाचा अहवाल वाचून दाखवण्याआधी घड्याळ बाजूला ठेवून 3/4 आणि 5/7 यांतला मोठा कोणता आणि का, एवढं विचारून बघावं. तो तिथे अडखळला तर गाडी पाचवी-सहावीच्या एका धड्यावर अडलेली आहे, आणि तो धडा पुन्हा शिकवता येतो.