गाडी रोज बंद का पडते?

भाईजानच्या जुन्या डिझेल पिकअपवर त्यांचे घर चालते. ती सकाळी सुरू होई आणि कोपऱ्यावर बंद पडे. हातपंप मारून हवा काढली की दिवसभर धावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फिल्टर बदलून झाला. आता पंपच उतरवावा लागेल, असे ऐकून भाभींचा चेहरा उतरला.

मग एका जुन्या मिस्त्रींनी पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन सुरू होताच त्यात बुडबुडे दिसले. टाकीतून पंप डिझेल ओढतो. त्यामुळे नळीला चीर असेल तर डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. रात्री डिझेल टाकीकडे उतरते. रबरी नळी आणि क्लिपा बदलल्या, काम झाले.

आम्ही एवढेच शिकलो: हवा काढत बसू नका, ती कुठून येते ते शोधा.