नहेम्याचा तट आणि केडगावचा माळ

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. निराधार बायका-मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी काढलेलं ‘मुक्ती’ मिशन इथलंच. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या इस्राएली लोकांनी यरुशलेम पुन्हा कसं उभारलं, हे समजून घ्यायला मला या माळाइतकी जवळची जागा दुसरी दिसत नाही.

पडलेलं शहर

इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. सुमारे पन्नास वर्षांनी, बाबेल जिंकणारा इराणचा राजा कोरेश याने बंदिवानांना परतायची मुभा दिली. मंदिर पुरं व्हायला इ.स.पू. ५१५ उजाडलं आणि तट बांधायला इराणी दरबारातला यहुदी अधिकारी नहेम्या आला तो इ.स.पू. ४४५ च्या सुमारास. परवानगी लवकर मिळाली; शहर सावरायला पिढ्या गेल्या.

आपापल्या दारासमोरचा भाग

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय म्हणजे नावांची लांबलचक यादी. सोनार, अत्तरवाले, याजक असे सगळे तटावर राबले. अनेकांनी आपल्याच घरासमोरचा भाग बांधला. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मुलीही त्यात होत्या. ५२ दिवसांत तट पुरा झाला.

त्या मुलींचा उल्लेख वाचला की मला केडगाव आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुण्याला घेऊन आल्या. स्वतःचे आई-वडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा केडगावला आधीच घेतलेली जमीन कामी आली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पण रमाबाईंनी मुलींना नुसतं दोन वेळच्या जेवणावर ठेवलं नाही. शेती, विणकाम, छपाई त्या शिकल्या, आणि वसाहत त्यांच्याही कष्टांवर चालू लागली. फरक मात्र मोठा आहे : इस्राएली लोक पूर्वजांच्या गावी परतले, या मुलींना परतायला घरच नव्हतं.

गहाण शेतं

तट चढत असतानाच लोक नहेम्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले. शेतं गहाण पडली, पोरं गुलामीत चालली. त्याने सावकारी करणाऱ्या आपल्याच सरदारांना भर सभेत जाब विचारला आणि जमिनी परत करवल्या. केडगावशेजारच्या शिरूर तालुक्याला हे दुखणं परकं नाही. १८७४ मध्ये तिथल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात सुपे गावात सावकारांविरुद्ध दंगा झाला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

न पटणारं पान

नहेम्याच्याच काळात शास्त्री एज्राच्या पुढाकाराने परजातीच्या बायकांना मुलांसह घराबाहेर काढायचं ठरलं. समाज टिकवायचा म्हणून हे केलं असेल, तरी मला ते मान्य होत नाही. उलट, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी केडगावात ‘कृपा सदन’ उघडलं गेलं. इथे मी रमाबाईंच्या बाजूने आहे.

कळेल अशी भाषा

तट झाल्यावर एज्राने चौकात नियमशास्त्र वाचलं. मंदिरसेवा करणाऱ्या लेवी लोकांनी ते उलगडून सांगितलं, तेव्हा ऐकणारे रडले. रमाबाईंनाही हेच हवं होतं : बाईमाणसाला वाचता येईल अशी मराठी. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साऱ्या बायबलचं भाषांतर केलं, आणि मुक्तीतल्या बायकांनी ते छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.