एकाच बाकाची वेगवेगळी फी

महाराष्ट्रातल्या एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात एकाच बाकावर शेजारी बसलेल्या तीन मुलांनी वर्षाची फी वेगवेगळी भरलेली असू शकते. शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, शेवटी मिळणारी पदवीही तीच. फरक असतो तो जागेचा: प्रवेश कोणत्या फेरीतून झाला, कोणत्या गटातून झाला आणि कोणता अर्ज वेळेत भरला. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र फीचा आकडा एकच छापलेला असतो आणि बहुतेक घरांतली चर्चा त्याच आकड्याभोवती फिरत राहते.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहायला हवे. राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. त्यापाठोपाठ देणग्यांचा सुळसुळाट झाला आणि १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. आजची व्यवस्था २०१५ च्या कायद्यावर उभी आहे. त्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजचा जमाखर्च तपासून त्याची फी ठरवते आणि मंजूर झालेला आकडा संकेतस्थळावर जाहीर करते. फी ठरते ती खर्चावरून, शिकवण्याच्या दर्जावरून नव्हे. जास्त फी म्हणजे चांगले कॉलेज, हा समज त्यामुळे पायापासूनच डळमळीत आहे. वाढीव फीमागे अनुभवी प्राध्यापकांचे पूर्ण पगार असू शकतात, तशी नवी कोरी इमारतही असू शकते.

समजा, एका कॉलेजची मंजूर फी १,६०,००० रुपये आहे. त्यात शिक्षण शुल्क १,४५,००० आणि विकास शुल्क १५,०००. खुल्या गटातल्या, घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईबीसी’तून, शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. त्याच्या खिशातून जातात ८७,५०० रुपये. शेजारी बसलेली ओबीसी गटातली मुलगी त्याच उत्पन्नमर्यादेत असेल, तर २०२४-२५ पासून तिचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तिला साधारण विकास शुल्काचे १५,००० भरावे लागतात. तिसरा मुलगा मॅनेजमेंट कोट्यातून आला असेल, तर पूर्ण १,६०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहेत, त्यांचे नियम वेगळे. चार वर्षांचा हिशेब मांडला तर पहिल्याचे साडेतीन लाख, दुसरीचे साठ हजार आणि तिसऱ्याचे सहा लाख चाळीस हजार.

यातली मेख अशी की राज्य सरकारच्या या सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून, प्रवेश घेतलेल्यांसाठीच आहेत. खासगी आणि अभिमत विद्यापीठे त्यांतून वगळलेली आहेत. ‘पाहिजे ती ब्रँच इथे मिळतेय ना, मग कॅपमध्ये कशाला अडकायचे’ असे म्हणून जूनमध्येच एखाद्या खासगी विद्यापीठात पैसे भरणाऱ्या पालकाने सवलतीचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतलेला असतो. त्या विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती असू शकते. पण ती पुढच्या वर्षांत टिकवायला किती गुण लागतात आणि ती चारही वर्षे आहे की पहिल्याच वर्षापुरती, हे लेखी घेतल्याशिवाय तिला हिशेबात धरू नये. ईबीसीलाही अटी आहेतच: एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना ती मिळते आणि दरवर्षी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. मंजूर झालेली रक्कम जमा व्हायला उशीर होतो, हा तर नेहमीचाच अनुभव.

आणखी एक जागा अशी आहे की ती असते डोळ्यांसमोर, पण दिसत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमात पाच टक्के जादा जागा ‘ट्यूशन फी वेव्हर’ योजनेच्या असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कोणत्याही गटाच्या विद्यार्थ्याला त्या खुल्या आहेत आणि त्यांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. मात्र कॅपसाठी पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो. नेहमीच्याच आकड्यांच्या शेवटी ‘टी’ जोडलेला. तो स्वतंत्र पसंती म्हणून भरला नाही तर पर्सेंटाईल कितीही असो, ती जागा मिळत नाही. या जागांचा कटऑफ त्याच ब्रँचच्या साध्या जागेपेक्षा बहुधा चढा असतो आणि पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. ज्या मुलीची फी तशीही माफ आहे तिला या कोडाचे फारसे अप्रूप नाही. ईबीसीवर निम्मी फी भरणाऱ्या मुलाला मात्र तो कोड वर्षाला ७२,५०० रुपयांचा आहे.

फी आटोक्यात आली तरी राहण्या-खाण्याचा प्रश्न उरतोच. पुण्यात कॉट बेसिसवरची खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा हजार धरले, तर दहा महिन्यांचा एक लाख होतो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ईबीसीवाल्या मुलाला कॉलेजपेक्षा शहर महाग पडते. सांगली, कराड, अमरावती, नांदेड इथल्या जुन्या शासकीय आणि अनुदानित कॉलेजांचा विचार करताना राहण्याच्या खर्चाची ही बाजू विसरली जाते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार अशा योजना आहेत. त्यांच्या अटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसणाऱ्या कारकुनाला प्राचार्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज. फी, राहणे, पुस्तके, प्रवास मिळून ईबीसीवाल्या मुलाचा खर्च वर्षाला दोन लाख धरू. चार वर्षांचे आठ लाख, व्याजदर १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून अनेक पालक निर्धास्त असतात. पण व्याजाचे मीटर पहिल्या दिवसापासून पडत असते. सरळव्याजानेही या पाच वर्षांत २,८०,००० रुपये साचतात आणि परतफेड सुरू होते ती १०,८०,००० वर. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे १४,२७० रुपये येतो आणि एकूण भरणा सतरा लाखांच्या वर जातो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ११,६०० वर उतरतो खरा, पण भरणा एकवीस लाखांच्या जवळ पोचतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या त्याच्या शेजाऱ्याने तसेच कर्ज काढले, तर दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता साडेएकोणीस हजारांच्या घरात असतो. बाक एकच, हप्त्यांतला फरक महिन्याला पाच हजारांहून अधिक.

हप्ता सुरू होईपर्यंत दरमहा व्याज भरत गेले तर ओझे हलके होते. पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,३३३, असे चढत्या क्रमाने. एवढे जमवले तर शेवटी दीड लाखाहून जास्त वाचतात. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर मान्यताप्राप्त तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातले व्याज केंद्राच्या योजनेतून भरले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक मानांकित संस्थांपुरती आणि सरकारी शिष्यवृत्ती न घेणाऱ्यांसाठी. कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहायचे असते. एरवी साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक घर, जमीन किंवा मुदतठेव तारण मागते आणि सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या आई-वडिलांचा सिबिल स्कोअरही बघते. प्राप्तिकरातली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच.

चौदा हजारांचा हप्ता जास्त की कमी, हे नोकरीवर ठरते आणि इथे अभ्यासक्रमाचा प्रश्न येतो. वर्षाला चार लाखांच्या पॅकेजमधून हातात पडतात महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस हजार. त्यातले निम्मे हप्त्यात जातात. म्हणून कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर झळकणाऱ्या सर्वोच्च पॅकेजचा निवडीसाठी काडीचा उपयोग नाही. विचारायचा तो मधला आकडा: त्या ब्रँचच्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले तर मधोमध उभ्या असलेल्याला किती मिळाले आणि मुळात किती जण रांगेत आलेच नाहीत.

ब्रँचच्या बाबतीत अलीकडे एक बदल झाला आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून कॉलेजांच्या प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स यांच्या जागा भराभर वाढल्या. जागा एका ठरावाने वाढतात, प्राध्यापक तसे वाढत नाहीत. मान्यतेचे शिक्के वाचतानाही गल्लत होते. नॅकची श्रेणी साऱ्या संस्थेला असते, एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला. एखाद्या कॉलेजच्या मेकॅनिकलला एनबीए असते आणि त्याच कॉलेजच्या नव्या एआय ब्रँचला नसते; जाहिरातीत मात्र कॉलेजच्या नावापुढे नुसते ‘एनबीए मान्यताप्राप्त’ छापलेले असते. संकेतस्थळावरच्या अनिवार्य माहितीत प्राध्यापकांची यादी असते. त्यातली चार नावे घेऊन कॉलेजबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘हे सर शिकवतात का’ एवढे विचारले, तरी यादीचा खरेखोटेपणा कळतो.

कमी खर्चातले सरकारी कॉलेज आणि नको असलेली ब्रँच, की महागडे खासगी कॉलेज आणि हवी ती ब्रँच, हा पेच खरा अवघड आहे. मुलाला विषयाची खरोखर ओढ असेल तर ब्रँचसाठी काही जादा कर्ज समजण्यासारखे आहे. पण नुसता ‘कॉम्प्युटरच हवे’ असा सोसायटीतला सूर असेल, तर त्यासाठी महिन्याला पाच हजारांचा जादा हप्ता दहा वर्षे भरणे महाग आहे. जुन्या कॉलेजांतली सिव्हिल-इलेक्ट्रिकलची मुले गेटची तयारी करतात, सरकारी परीक्षांना बसतात, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींनाही जातात; हे त्यांच्या प्लेसमेंटच्या यादीत नावानिशी दिसते.

हा सगळा हिशेब ऑप्शन फॉर्म भरण्याआधी व्हायला हवा, कारण पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. सोडली तर पुढच्या फेऱ्या बंद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर यांच्यासाठी जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात. दाखला हाती नसेल तर सवलतीच्या जागेवरचा हक्क जातो. सवलतीला पात्र असलेल्या मुलाकडून माफ होणारी रक्कम आगाऊ घेऊ नये, असे शासनाने कॉलेजांना बजावलेले आहे. तरी खिडकीवर पूर्ण फी मागितली गेली तर मागणी लेखी घ्यावी. आणि कॅपमधून मिळालेला प्रवेश जाहीर झालेल्या अखेरच्या तारखेआधी रद्द केला, तर कॉलेजला जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीची फी परत करावी लागते.