चित्रपटांची पैसेवारी

पैसेवारी म्हटलं की तुमचे कान टवकारतात हे मला माहीत आहे. पण आज पिकाची नाही, चित्रपटांची पैसेवारी सांगणार आहे. हसू नका. शहरात चित्रपटाला तारे देतात, अडीच तारे, साडेतीन तारे. आपल्याला ताऱ्यांचा हिशेब कळत नाही. पैसेवारी मात्र शेंबड्या पोरालाही कळते. शंभर पैसे म्हणजे शिवार भरलं, पन्नासच्या आत म्हणजे टंचाई. आणि ती एकदम लागत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. बांधावरून पीक हिरवंगार दिसतं आणि कापणी प्रयोगात पायली भरत नाही, हे तुम्ही आम्ही दर हंगामात बघतो. चित्रपटाचंही तसंच असतं, हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

झालं असं. माझ्या सज्जातल्या एका गावात गुलाबी बोंडअळीचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शाळेच्या डिजिटल वर्गातला प्रोजेक्टर गुरुजींकडून मागून घेतला, कामगंध सापळ्याची चित्रं लावली. माणसं आली तेरा. त्यातले दोघे पाऊस लागला म्हणून आडोशाला आलेले. संपल्यावर एक म्हातारबाबा म्हणाले, "सायेब, आळ्या लई बघितल्या. एखादा पिच्चर लावा की." मी म्हटलं, लावतो, पण शेतीचाच असेल आणि संपल्यावर प्रत्येकानं पैसेवारी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. भाऊसाहेबांनी जुन्या रजिस्टरची कोरी पानं काढली. (तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी आणि आम्ही कृषी सहायक ते सहायक कृषी अधिकारी. गावाच्या तोंडी मात्र जुनीच नावं आहेत, मीही तीच लिहितो.) दर शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर. दुसऱ्या शनिवारपासून वर्गात जागा पुरेना, मग पडदा व्हरांड्यात आला.

पहिला लावला 'टिंग्या'. मंगेश हाडवळे यांचा, २००८ सालचा. जुन्नर भागातली गोष्ट. घरचा बैल चितंग्या जायबंदी होतो, कामाला येत नाही. पेरा तोंडावर आलेला. तो विकल्याशिवाय दुसरा बैल येत नाही आणि असा बैल घेणार कोण, तर खाटीक. बापाचा नाइलाज, आणि लहानगा टिंग्या हट्टाला पेटलेला. शेजारच्या मैत्रिणीची आजी अंथरुणाला खिळलेली आहे. तिला कुणी विकत नाही, मग चितंग्यालाच का, हा त्याचा सवाल. त्या पोराचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो स्वतः मेंढपाळाच्या घरचा. पडद्यावर तो बैलाशी बोलतो तेव्हा ते शिकवलेलं वाटत नाही.

माझी नजरअंदाज ७० पैसे. मला वाटलं होतं बाया रडतील. बाया रडल्या नाहीत, म्हातारे रडले. नंतर चर्चा भलतीकडेच गेली. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा एक जण म्हणाला, "त्या बापाला कडू का होईना एक वाट होती. आज माझा म्हातारा बैल दावणीला हाय. कडबा त्योच खातो, नव्या बैलाला पैसे कुठनं आणू?" दुसरा म्हणाला, "मग काय मारायचा व्हय? नऊ वर्सं पोसलं त्यानं तुला." दोघांचं जुंपलं. मी मधे पडलो नाही. दोघंही खरं बोलत होते आणि हा वाद पिक्चरमधल्या बाप-लेकाचाच होता. पुढच्या बाकावरच्या पोरानं शंभर पैसे सांगितले. अंतिम ठरली ८५.

'मंथन' तुमच्यातल्या जुन्या माणसांनी पाहिला असेल. श्याम बेनेगल यांचा, १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. २०२४ मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आला. गिरीश कर्नाड यांचा डॉक्टर राव गावात दूध संस्था काढायला येतो, आणि खासगी डेअरीवाला, सरपंच, गावातली जात असे सगळे एकेक करून आडवे येतात. संस्थेच्या निवडणुकीत सरपंच पडतो आणि दलित वस्तीतला माणूस निवडून येतो, तिथं आमच्या व्हरांड्यात एकदम शांतता पसरली. आमचे सरपंच समोरच बसले होते. ते स्वतःच हसले म्हणून बरं.

माझी नजरअंदाज ९०. गावानं ती ८० वर आणली. कारण ऐका. संस्थेला दूध घालणाऱ्या एका ताई म्हणाल्या, "फॅट मोजणारा बदलला, मशीन बदललं, पण मोजताना आपलं डोकं अजून मशीनच्या अलीकडंच." म्हणजे काटा आणि फॅटचा आकडा त्यांना आजही दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो. ते पुढचं मंथन पिक्चरमध्ये नाही म्हणून दहा पैसे कमी. मला हे पटलं. शेवटी डॉक्टर राव गाव सोडून जातो, त्यावर एकानं माझ्याकडं बघून विचारलं, "सायेब, तुमची बदली कवा?" तीन वर्षं झालीत, म्हटलं, कधीही.

'पीपली लाइव्ह' (२०१०, अनुषा रिझवी) ग्रामसेवकांच्या आग्रहावरून लावला आणि नंतर त्यांनाच पस्तावा झाला. जमीन लिलावात जाणार म्हणून नत्था आत्महत्या करणार अशी बातमी फुटते, मग कॅमेरे, पुढारी, अधिकारी सगळ्यांची जत्रा भरते. साहेब लोक त्याला 'लाल बहादूर' देतात. लाल बहादूर म्हणजे हातपंप. नुसता पंप, बसवून देण्याची तरतूद योजनेत नाही. ह्या जागी जो हशा उठला तो मी आमच्या कुठल्याच मेळाव्यात ऐकलेला नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी एखादा लाल बहादूर असेलच. कुणाचं ठिबकचं बंडल माळ्यावर, कुणाचं फवारणी यंत्र नोझलशिवाय. वाटप मी केलं होतं, त्यामुळे मी कमी हसलो.

पण त्याच पिक्चरमध्ये होरी महतो नावाचा एक माणूस आहे. बोलत नाही, खड्डा खणतो, माती विकतो. सगळे कॅमेरे नत्थाकडं लागलेले असताना तो गपचूप मरून जातो. त्याच्याविषयी कुणी काही बोललं नाही. पैसेवारी ७५ लागली, पण मला वाटतं होरीवर बोलणं झालं असतं तर ती वाढली असती.

'मुळशी पॅटर्न' पोरांसाठी लावला. २०१८ चा, प्रवीण तरडे यांचा. जमिनी विकलेल्या घरांतली पोरं गुंड कशी होतात याची गोष्ट. पोरांनी एका सुरात ९५ दिले, बापांनी ४० म्हणजे सरळ टंचाई. पोरांना मारामारी दिसली, बापांना जमीन गेल्यावरची बापाची वाताहत. दोघांची सरासरी काढायला भाऊसाहेब तयार होते, मी म्हटलं राहू द्या. आमच्या शेजारून रस्ता जाणार आहे, मोजणी चालू आहे. ह्या पिक्चरची अंतिम पैसेवारी मोबदल्याच्या धनादेशानंतरच लागेल.

आता ज्या पिक्चरसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येतो. 'गाभ्रीचा पाऊस', सतीश मनवर यांचा, २००९ चा. विदर्भातला कापूस उत्पादक किसना. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली आहे. किसनाची बायको अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, धास्तावते. आपला माणूसही असं काही करील का? ती त्याला एकटं सोडत नाही. पोराला त्याच्या मागं लावते, बा जाईल तिथं जा म्हणते. त्याला आवडतं ते रांधते, सासूलाही नजर ठेवायला सांगते. आणि किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, त्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. तो आपला पेरणी, पाऊस आणि उधारी यातच अडकलेला. पोरगं सारखं मागं का, म्हणून तो वैतागतो. बघताना हसू येतं, आणि हसू आलं म्हणून लाज वाटते. शेवट सांगत नाही, बघा.

मी नजरअंदाज ५५ दिली आणि वर भाषणही केलं. म्हटलं, पिक्चर चांगला आहे, पण शेतकऱ्याला त्यातून सल्ला काय मिळतो? पहिल्या पावसावर पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. दुबार पेरणी टळली असती तर निम्मं दुखणं टळलं असतं.

बायांच्या बाजूनं एक माउली उठल्या. चाळिशीतल्या असतील. एरवी त्या पैसेवारीसुद्धा शेजारणीच्या कानात सांगायच्या. त्या म्हणाल्या, "पेरणीचं ऱ्हाऊ द्या. त्या बाईनं पोरगं मागं लावलं ते खरं हाय. मीबी लावलं हुतं. अठराच्या दुष्काळात."

२०१८ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. त्यांचे मालक पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं. सहा-सात वर्षं त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसलं.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमी आल्ता की सायेब आमच्या रानात. पोरगं बांधावर बसलं हुतं. शाळा बुडवून काय बसतोस म्हणून तुमी त्याला रागावला. त्ये घरी येऊन रडलं. सांगताबी येईना त्याला."

मी घरी येऊन त्या वर्षीची दैनंदिनी काढली. नोंद आहे. प्रक्षेत्र भेट, कपाशी, रसशोषक किडींचा प्रादुर्भाव, फवारणीचा सल्ला दिला. त्याच शेतात पंधरा दिवसांनी पुन्हा भेट, पुन्हा सल्ला. पोराची नोंद नाही. तसा रकाना आमच्या दैनंदिनीत नसतो हे खरं, पण रकाना असता तरी मी 'शाळाबाह्य' असंच लिहिलं असतं. मी किडी मोजत होतो आणि ते दहा वर्षांचं पोर बापाला मोजत बसलं होतं, दर घटकेला आहे ना, आहे ना म्हणून. आणि मी फवारणीचा सल्ला देत होतो, म्हणजे घरात विषाची आणखी एक बाटली.

हे सगळं त्या माउलींना आणि त्यांच्या मालकांना विचारून लिहितो आहे. नाव-गाव लिहीत नाही. मालक एवढंच म्हणाले, "लिवा. मी काय तसं करणार नव्हतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तिला कसं कळावं."

तेव्हापासून मी शेतावर गेलो की घरच्या बाईशीही बोलतो, तिला बाजूला घेऊन नाही, सगळ्यांसमोर, चहा घेता घेता. तुम्हीही दोन गोष्टी करा. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि डबे कुलपात ठेवा आणि किल्ली एकट्या कर्त्या पुरुषाकडं ठेवू नका. आणि घरात कुणाची झोप उडाली, कुणी जेवणावरून उठू लागलं, बोलेनासं झालं, तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर फिरवा. फुकट आहे, मराठीतही बोलतात. फोन ज्याचा जीव घाबरा झाला त्यानंच करावा असं नाही, बायकोनं केला तरी चालतो, पोरानं केला तरी चालतो. पिकाचं विचारायचं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ आहेच, पण ही दोन दुखणी वेगळी आहेत, माझ्यासारखी गल्लत करू नका.

रजिस्टरमध्ये 'गाभ्रीचा पाऊस'समोर माझे ५५ खोडून भाऊसाहेबांनी विचारलं, अंतिम किती लावू? गाव म्हणालं, ज्या बोलल्या त्यांनी सांगावं. त्या पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यात नका लावू. आणखी एकदा बघू, आमच्या लेकीला घेऊन येते."

पुढच्या शनिवारी 'पाणी' लावतो आहोत. आदिनाथ कोठारे यांचा, २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची गोष्ट. गावाला पाणी नाही म्हणून पोरांची लग्नं जमत नाहीत, तिथून सुरू होते. आमच्याकडं पाणलोटाचे बांध घालून झालेत, पण त्यातला गाळ कुणी काढायचा यावर दोन वर्षं ग्रामसभा अडली आहे, तेव्हा वाद होणार हे नक्की. शेजारच्या गावांनीही यावं. साडेआठला सुरू करतो, सतरंजी आपापली आणा, व्हरांडा गळतो.