नाव जुनं, धातू नवा: कोल्टच्या ‘कोब्रा’वर शौकीन का कुरकुरले?

आखूड नळीचं, खिशात मावणारं नवं रिव्हॉल्व्हर कोल्टने दीड दशकाहून जास्त काळ आणलंच नव्हतं. त्यात २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला. म्हणून २०१७ च्या सुरुवातीला दोन इंची नळीचं ‘कोब्रा’ परत आलं, तेव्हा अमेरिकेतले शौकीन हरखले. मग त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि कुरकुर सुरू झाली.

कारण १९५० चं मूळ कोब्रा ओळखलं जायचं ते हलकेपणामुळे. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. (१९६३ मध्ये डॅलसला जॅक रूबीने ली हार्वी ओस्वाल्डला गोळी घातली, ती कोब्रानेच.) नवं आलं ते स्टेनलेस स्टीलचं, सुमारे सातशे ग्रॅमचं. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. इथे वाळा भलताच जड निघाला! जुन्या जाणकारांच्या मते हे कोब्रा नव्हेच, कोल्टचं जुनं पोलादी ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’च नाव बदलून आलंय.

तक्रार खरी, पण अर्धीच. गोळी सुटते तेव्हा हलकं रिव्हॉल्व्हर जास्त जोरात मागे उसळतं. मूठ छोटी असली तर दुसरी गोळी नेमकी मारणं आणखी अवघड. जड स्टील तो धक्का बराचसा पचवतं. त्यामुळे सराव करणाऱ्यांना नवं कोब्रा आवडलं, दिवसभर खिशात बाळगणाऱ्यांना खुपलं.

एका गोष्टीचं कौतुक मात्र दोघांनाही होतं: स्मिथ अँड वेसनच्या साधारण याच आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा पाच गोळ्या बसतात, कोब्रात सहा.