शुगर मोजते ती पट्टी, मशीन नव्हे! ‘नॅनो’ कण काय करतात आणि आकडा कुठं चुकतो?

गावागावांत आता घरोघरी ग्लुकोमीटर दिसतो. बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला की काही सेकंदांत आकडा हजर. आकडा मशीनवर दिसत असला, तरी खरी करामत पट्टीत असते.

पट्टीच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा तशाच कामाचं एन्झाइम सुकवून लावलेलं असतं. रक्तातली साखर त्याला भिडली की रासायनिक क्रिया होते आणि इलेक्ट्रॉन सुटतात. पट्टीवरचा इलेक्ट्रोड ते पकडतो. साखर जास्त, तर करंट जास्त. मशीन तो करंट मोजून आकडा दाखवतं. अशा सेन्सरची कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

थेंब एवढासा असल्याने करंटही फार क्षीण असतो. म्हणून संशोधक इलेक्ट्रोडवर सोनं, प्लॅटिनम यांचे नॅनो कण किंवा कार्बनच्या नॅनो नळ्या बसवतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गुळाचा खडा पाण्यात हळूहळू विरघळतो, तोच कुटून टाकला तर लगेच. कारण पाण्याला भिडणारी जागा वाढते. इथंही तसंच. कण जितके बारीक, तितकी क्रियेला जागा जास्त आणि करंट ठळक. तांबं, निकेल यांच्या नॅनो कणांनी एन्झाइमशिवाय साखर मोजण्याचंही संशोधन सुरू आहे. पण रक्तातले इतर घटक त्यात अडथळा आणतात.

पट्टी कितीही चांगली असली, तरी वापरताना चूक झाली की आकडा चुकतो. खोट्या वाढलेल्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. म्हणून एवढं पाळा:

- आंबा, गूळ, ऊस हाताळला असेल तर बोटावरची साखरही मोजली जाते. हात साबणाने धुऊन कोरडे करा, मगच टोचा.
- पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावा. ओलावा आणि उष्णतेने एन्झाइम खराब होतं. डबी चुलीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.
- मुदत संपलेली पट्टी वापरू नका.
- अंगात रक्त कमी असेल, तर अनेक मीटरवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. हे डॉक्टरांना सांगा.

थोडा फरक मात्र चालतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा जास्त असेल, तर १०० पैकी ९५ वेळा आकडा लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणजे लॅबमध्ये २०० आली, तर घरी १७० ते २३० दिसू शकते.

आकडा अचानक वेगळा आला तर हात धुऊन नव्या पट्टीवर पुन्हा तपासा. मनानं डोस बदलू नका. घाम, थरथर, चक्कर असेल आणि मशीनवर मात्र सगळं ठीक दिसत असेल, तर मशीनवर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.